धरणाचे मासे, खाडीचं पाणी

माझ्या थोरल्या भावाला नकली माशांचा मनस्वी राग आहे. तो सिन्नरजवळच्या आमच्या गावी शेती करतो, मी नाशकात इंदिरानगरला राहतो आणि आम्हाला जोडून ठेवणारी गोष्ट एकच, गळ. माझ्या डब्यात रबरी कोळंब्या, पिसांच्या माश्या आणि पोटाखाली तीन तोंडांचे गळ लटकणारे प्लास्टिकचे मासे. त्याच्याकडे फक्त एक बादली. तीत तो धरणातले बोटाएवढे मासे जिवंत ठेवतो आणि एकेकाच्या पाठीत गळ खुपसतो. मला ते बघवत नाही, म्हणून त्याच्या लेखी मी भित्रा.

गेल्या हिवाळ्यात आम्ही डहाणूकडच्या एका खाडीवर जिताडा धरायला निघालो. जव्हारचा घाट उतरेपर्यंत भांडण एकाच गोष्टीवरून, आमिष कोणतं. मी म्हणत होतो, पाणी गढूळ असेल तर चकाकणारा मासा लावू, निवळ असेल तर कोळंबी.

"त्याला भूक लागती, रंग नाय कळत," भाऊ म्हणाला. "जितं दे, झडपच घालील." मागे त्याच्या बादलीत हवेचा पंप बुडबुडत होता.

खाडीवर पोचताच त्याने वडिलांनी धरणावर शिकवलेलं केलं. जिथे गळ टाकायचा तिथलंच पाणी बादलीत घ्यायचं, म्हणजे मासा बुजत नाही. त्याने धरणाचं पाणी ओतून दिलं आणि खाडीचं भरलं. थोड्याच वेळात बादली आतून धडधडू लागली. मासे कडांवर डोकी आपटत होते, काही उडून खडकावर पडले आणि तिथेच तोंडं वासून तडफडले. उरलेले एकेक करून उलटे झाले. गोड्या पाण्यातल्या जिवांना मिठात घातलं होतं आणि ते आम्हा दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

मी हसलो. घाटभर बोलणी खाल्ली होती, हसणारच.

भावाने बादलीला लाथ घातली. माझा रॉड हिसकावला, त्याला प्लास्टिकचा मासा बांधलेलाच होता. "बघतोच तुझं पलास्टिक," म्हणत त्याने तो जीव खाऊन मागे फिरवला. मी मागेच उभा होतो. डाव्या भुवईवर दगड बसल्यासारखं वाटलं. गळ झुडपात अडकला असं समजून त्याने रॉडला हिसका दिला आणि माझी मान त्याबरोबर ओढली गेली. भुवईतलं रक्त डोळ्यात उतरलं. तोंडाला येतील त्या शिव्या मी त्याला घातल्या.

त्याने रॉड फेकून दिला, मला चिखलात बसवलं आणि माझं डोकं काखेत दाबलं. गळाचं एक तोंड भुवईत रुतलं होतं, दुसरं बुबुळासमोर लोंबत होतं. टोकामागे उलटा काटा असतो, त्यामुळे गळ आला तसा निघत नाही. पुढे रेटून कातडीतून बाहेर काढायचा आणि पकडीने तोडायचा.

"हलू नको रे. हलू नको." त्याने रेटलं. मी त्याच्या दंडाला कडकडून चावलो. त्याने दंड काढून घेतला नाही.

मग बाटलीतल्या पाण्याने डोळा धुतला आणि उजवा तळहाताने झाकला. "दिसतंय का?"

लालसर धुकं होतं. मग त्यात त्याचं तोंड दिसलं. मी तसं सांगितलं आणि हा दांडगा माणूस हमसून हमसून रडला. मला फार भीती वाटली होती, त्याला माझ्याहून जास्त.

माझा डबा त्याच्या गाडीतच राहिला. पुढे त्याने तो कोणाबरोबर तरी पाठवला. मी तो गंगापूर धरणावर उघडला, तर प्रत्येक गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट केलेला, अगदी नखाएवढ्या पिसाच्या माशीचासुद्धा. अशा गळावर मासा टिकत नाही. माझं डोकं भडकलं. फोन लावून मी त्याला वाट्टेल ते बोललो.

त्याने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "डोळा कसा हाय?"

त्या दिवशी हाताशी आलेला मासा सुटला. त्यानंतरही सुटतात. गळ मी अजून बदललेले नाहीत.