जिवंत माणसाची नोंद

सुरतेतल्या आमच्या ग्रंथालयात जुनी सूची नव्या पद्धतीनं लावायचं काम निघालं. पूर्वी प्रत्येक पुस्तकाची नोंद सुटी असायची. आता प्रत्येक लेखकाला कायमचा क्रमांक द्यायचा आणि त्याची सगळी पुस्तकं त्या क्रमांकाला जोडायची, म्हणजे जगातल्या कुठल्याही ग्रंथालयातून तो माणूस एकच दिसतो. मराठी पुस्तकं माझ्याकडे आली. माझं मराठी पुस्तकी, त्यामुळे मी पुण्याकडची असेन असा आमच्या गुजराती साहेबांचा समज होता. तो मी कधी मोडला नाही. इथल्याच लिंबायतच्या चाळीत वाढले, वडील कापडाच्या लूमवर होते, घरात अहिराणी बोलतो, यातलं ऑफिसात कुणाला काही माहीत नव्हतं. चोराच्या मनात चांदणं! डब्यात खानदेशी कळण्याची भाकरी असली की मी कोपरा शोधून जेवायची.

एक दिवस एक पातळ पुस्तक हाती आलं. लग्नात बायका म्हणतात ती अहिराणी गाणी, एका लूम कामगारानं जमवून स्वतः छापलेली. ते आमचे शेजारी. वडील रात्रपाळी करून झोपले की तेच मला सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत सोडायचे. त्यातली निम्मी गाणी त्यांनी माझ्या आईकडूनच लिहून घेतली होती.

संगणकानं त्याच नावाचा एक दिवंगत लेखक पुढे केला आणि विचारलं, हीच व्यक्ती का? नव्हती, हे मला पक्कं ठाऊक होतं. पण पुस्तकात लेखकाची काहीच माहिती नव्हती, आणि नवी नोंद करायची तर माहिती कुठून मिळाली ते लिहावं लागे. हा तपशील साहेब वाचत. ‘शेजारी’ असं लिहायची मला लाज वाटली. मी ‘हो’ दाबलं आणि चहाला गेले.

दोन महिन्यांनी ते शेजारी इस्त्रीचा सदरा घालून थेट माझ्या टेबलाशी आले. सुनेनं मोबाइलवर आमची सूची उघडून दिली होती. त्यांच्या नावापुढे मृत्यूचं साल होतं.

“का वं माय, मी मरी गऊ का?” ते हसत म्हणाले. “मी तं आठेच शे!” इथेच, म्हणून त्यांनी टेबलावर बोट टेकवलं.

शेजारच्या टेबलावर साहेबांनी मान वर केली. मी गुजरातीत म्हणाले, “काका, तमारे शुं काम छे?”

त्यांचं हसू थांबलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे.

“भूल छे, बेन. सुधारी देजो.”

धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं. मी खाली मान घालून नोंद उघडली. साहेबांनी सहज विचारलं, “ओळखो छो एमने?”

मी पुस्तक त्या दिवंगत लेखकाच्या क्रमांकावरून सोडवू लागले.

“ना साहेब,” तेच म्हणाले, “पहेली वार आव्यो छुं.”

माझं खोटं त्यांनी स्वतःच्या तोंडानं बोलून टाकलं, आणि मी ते बोलू दिलं.