मुरकी, खटका आणि गंधाराचं आंदोलन

गाण्याच्या क्लासात गाणं किती शिकलो ते विचारू नका. किस्से मात्र एवढे साठलेत, की तबल्याच्या खोळीत भरले तरी वर उरतील!

आमचा क्लास सोलापुरात, शुक्रवार पेठेत, एका चादरीच्या दुकानाच्या वर. शिकवणाऱ्या जोशीबाई. शाळेतून निवृत्त झालेल्या, लग्न न केलेल्या, आणि सुराच्या बाबतीत कुणाचंही न ऐकणाऱ्या. विद्यार्थी सगळे पिकलेले. माझं औषधांचं दुकान. बायको म्हणाली, "घरात गुणगुणून आम्हाला छळण्यापेक्षा रीतसर शिका!" म्हणून मी आलो.

आता गंमत अशी, की सूर हलवला, कधी झपाझप, कधी संथ, की गवई लोक त्याला वेगवेगळी नावं देतात. आणि ती सगळी नावं घरादारात आधीच भलत्या कामाला लागलेली!

पहिल्यांदा फसल्या पद्माअक्का. घरात तेलुगू, मराठी ऐकून ऐकून शिकलेली. बाई म्हणाल्या, "अक्का, ओळ चांगली झाली. आता शेवटी एक बारीकशी मुरकी घ्या. बघा किती शोभेल!"

दुसऱ्या दिवशी अक्कांच्या दोन्ही कानांत सोन्याच्या मुरक्या!

"घेतली बाई! बारीकच घेतली. शोभती ना?"

"शोभते," बाई म्हणाल्या. पुढे आठवडाभर त्या कुणालाही काही 'घ्या' म्हणाल्या नाहीत.

दुसरे मानेकाका. एसटीचे ड्रायव्हर होते, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आवाज खणखणीत, घाटात हॉर्न वाजवल्यासारखा. एकदा ते रंगात येऊन गात होते. बाई डोळे मिटून ऐकत होत्या. मध्येच म्हणाल्या, "काका, इथं खटका हवा!"

काका गाणं थांबवून उठले, भिंतीपाशी गेले आणि त्यांनी पंख्याचा खटका बंद केला. मे महिना, सोलापूर! आम्ही सगळे घामाघूम.

"आता नीट ऐकू येतंय की," काका म्हणाले. "तो पंखा लई घरघर करत होता."

पण खरा गोंधळ झाला तो आंदोलनाचा. दरबारी रागात गंधार हा सूर संथ झुलवतात, त्याला म्हणायचं आंदोलन. बाईंनी क्लासच्या ग्रुपवर मेसेज टाकला, 'उद्या संध्याकाळी सहाला आंदोलन. कारणं चालणार नाहीत.' अक्कांनी तो कौतुकानं गल्लीच्या ग्रुपवर फॉरवर्ड केला.

त्यात गल्लीतले नळ कोरडे! सहाच्या ठोक्याला जिन्यात बायका, हातात रिकाम्या घागरी. पाठोपाठ एक हवालदार.

"आंदोलन हितंच हाय का?"

"हो," बाई म्हणाल्या. "बसा."

"परवानगी घेतली का? कुनासाठी चाललंय?"

"गंधारासाठी."

हवालदारानं डायरी काढली. "ह्यो गंधार कोन? कुटं राहतो?"

"दरबारीत."

"मंजी भवानी पेठेत का?"

बाईंनी हार्मोनियम ओढली आणि गंधार झुलवून दाखवला. हवालदार टोपी मांडीवर घेऊन ऐकत बसला. बायकाही घागरी खाली ठेवून बसल्या. जाताना तो म्हणाला, "आंदोलन शांततेत पार पडलं, असं कळवतो."

त्यानं वर काय कळवलं देव जाणे, दुसऱ्या दिवशी नळाला पाणी आलं!

गणपतीत आमचा कार्यक्रम झाला. मानेकाका आयुष्यात पहिल्यांदा स्टेजवर. माईक हातात आला आणि आवाज असा थरथरायला लागला, की आम्ही माना खाली घातल्या. पण पहिल्या रांगेतले एक जाणकार ओरडले, "वाहवा! काय गमक आहे!" सूर मुद्दाम घुमवून हलवला, की त्याला म्हणायचं गमक. टाळ्या पडल्या. काका घाम पुसत आत आले.

"बाई, ती गमक न्हवती. गुडघं हुतं!"

बाई इतक्या हसल्या, की डोळ्यांतून पाणी. मग स्वतःच्या थर्मासमधला चहा त्यांनी काकांना दिला. तो थर्मास बाई कुणाला हात लावू देत नसत. अक्कांनी मला कोपर मारलं.

मध्यंतरी काकांची मुलगी अकलूजहून आली. वडिलांबरोबर क्लासला आली, कोपऱ्यात बसली. क्लास संपला, आम्ही चपला शोधत होतो. ती उठून बाईंसमोर गेली. काका खिडकीकडे तोंड करून उभे, कान लाल!

"बाई, रागावू नका," ती म्हणाली. "आमचं बाबा घरी एकटंच असत्यात. फोनवर बोललं तर निस्तं तुमचंच सांगत्यात. त्यांच्या तोंडनं निघत न्हाय, म्हणून मीच विचारती. तुमी दोघांनी लगीन केलं तर आमची ना न्हाय. तुमची काय हरकत?"

जिन्यापाशी आम्ही सगळे थिजलो. अक्कांनी एक चप्पल घातलेली, एक हातात.

बाईंनी हार्मोनियमचा भाता हलकेच ओढला, एक सूर धरला आणि त्याच्याभोवती अशी नाजूक, झरझर हरकत घेतली, की खालचा चादरवाला जिन्यात येऊन उभा राहिला.

मग भाता बंद करून म्हणाल्या, "एवढीच. दुसरी काही नाही!"