शेजारणीचे हात

माझ्या नवऱ्याचा जीव शेजारणीने वाचवला आणि त्याबद्दल मी तिला कित्येक महिने माफ केलं नाही.

भोपाळला कारखान्याच्या टाउनशिपमध्ये आमची क्वार्टर्स भिंतीला भिंत लागून होती. ती नागपूरची, कारखान्याच्याच हॉस्पिटलात स्टाफ नर्स. मी पुण्याहून लग्न करून आलेली. तिचं ‘करून राहिली, जाऊन राहिली’ ऐकून मी मनातल्या मनात हसायचे. पण तिला स्वतःचा पगार होता, स्वतःची लूना होती, आणि लोक तिला रस्त्यात थांबवून औषधं विचारायचे. मला कुणी काही विचारायचं नाही.

एका रविवारी सकाळी हे मेथीच्या वाफ्याला पाणी घालत होते. पाइप तसाच टाकून आत आले आणि छाती धरून खुर्चीत बसले. बनियन घामाने ओलंचिंब. आदल्या संध्याकाळी आनंद नगरहून आणलेल्या कचोऱ्या बाधल्या, असं मला वाटलं. मी ओवा आणि काळं मीठ दिलं, पाठ चोळत बसले. पाइपचं पाणी तिच्या अंगणात गेलं, म्हणून ती सांगायला आली आणि यांना बघून दारातच थबकली.

“काय देऊन राहिल्या यांना?”

“ओवा. गॅस झालाय.”

“डावा हात दुखतो का भाऊजी?”

यांनी मान हलवली.

“वहिनी, हे गॅस नाही. उठू देऊ नका त्यांना, एक पाऊलही नाही.”

ती पळत घरी गेली, हॉस्पिटलला फोन केला, अ‍ॅस्पिरिनची गोळी घेऊन आली. “गिळू नका, चावा.” हे तिचं निमूट ऐकत होते. माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते.

अँब्युलन्समध्ये ती यांच्याजवळ बसली. ड्रायव्हर मला म्हणाला, “भाभीजी, आप आगे आइए.” मधल्या काचेतून मी मागे बघत राहिले. हॉस्पिटलचं फाटक दिसलं आणि यांची मान कलली. तिने दोन्ही तळहात यांच्या छातीवर ठेवले आणि मोठ्याने आकडे मोजत सगळ्या अंगाचा भार टाकू लागली. तिचा अंबाडा सुटला. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणीही माझ्या मनात आलं, तिथे मी असायला हवं होतं.

आत नेल्यावर शॉक दिला आणि हृदय चालू झालं. डॉक्टर नंतर म्हणाले, “सिस्टर छाती दाबत राहिल्या नसत्या, तर आम्हाला काही करता आलं नसतं.”

हे घरी आले. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला तीच गोष्ट सांगायचे. “आमच्या सिस्टर होत्या म्हणून! ही तर मला ओवा चारत बसली होती.” सगळे हसायचे. मी चहाचा ट्रे घेऊन उभी. रोज संध्याकाळी ती ब्लडप्रेशर बघायला यायची आणि त्या वेळेला हे केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून बसायचे. एक दिवस मी तिला दारातच म्हटलं, “आता रोज यायची गरज नाही. मी बघेन.”

“बरं,” एवढंच म्हणून ती परत गेली. यांना मी सांगितलं, तिची ड्यूटी बदलली.

मग एका दुपारी हे झोपले होते आणि मला यांचा श्वास दिसेना. माझे हात पुढे गेले आणि तसेच अधांतरी राहिले. पुढे काय करायचं ते मला माहीतच नव्हतं. तेवढ्यात यांनी कूस बदलली. मी तशीच उठून तिच्या दारात गेले.

“मी तुमच्याबद्दल यांच्याशी खोटं बोलले,” मी म्हणाले. “मला तुमचा राग येत होता.”

“राग नाही वहिनी. जळत होत्या तुम्ही. समजत होतं मला.” ती जराही हसली नाही. “पेशंटच्या घरात कटकट नको, म्हणून नाही आली.”

“मला शिकवा.”

तिने सतरंजीवर लोड टाकला आणि मला गुडघ्यांवर बसवलं. “कोपर वाकवू नका. जोरात! लाड नाही करायचे इथे.” माझ्या हातांवर आपले हात ठेवून तिने जोर किती लावायचा ते दाखवलं. मी घामाघूम होईपर्यंत तिने सोडलं नाही. दुसऱ्या दिवसापासून ती पुन्हा येऊ लागली.

हे पुढे पुष्कळ वर्षं जगले. मी शिकलेलं वापरायची वेळ आली नाही. ती रिटायर होऊन नागपूरला निघाली, तेव्हा स्टेशनवर हे रडले. यांना रडताना मी लग्नानंतर पहिल्यांदाच बघत होते. मी यांच्या हातात रुमाल दिला आणि गाडी हलेपर्यंत दुसरीकडे बघत उभी राहिले.