कौल न मागता वाहिलेलं फूल

तीन रविवार भैरवनाथानं मला उत्तर दिलं नाही. आमच्या गावात कौल लावायची रीत आहे. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांना ओलं फूल चिकटवतो, आपण मनातलं सांगायचं. उजवं पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. माझं कुठलंच पडेना.

गाऱ्हाणं सुनेच्या नोकरीचं होतं. मुलगा कंबर दुखावून घरी बसलेला, सगळं घर तिच्या जिवावर. श्रावणात ती नारायणगावला, भाजी आणि द्राक्षं परदेशी पाठवतात त्या शेडमध्ये माल तपासायला लागली. सहा महिने काम बघून पक्की करू, असं साहेब म्हणाले होते. मी शिकलो चौथीपर्यंत, पण तोरा मोठा. मुदत भरायच्या आधीच पारावर पेढे वाटून मोकळा झालो. माघात साहेब म्हणाले, अजून तीन महिने बघू. कारण नाही, कागद नाही. पारावर एकानं विचारलं, "आबा, पेढं परत आणून देऊ का?" ते लई लागलं.

तिसऱ्या रविवारी गुरव म्हणाला, "देव न्हाई म्हनत न्हाई आबा, थांबा म्हनतोय."

"देवानंबी मुदत वाढवली व्हय?" मी म्हणालो आणि पाया न पडताच निघालो. दुसऱ्या दिवशी फेटा बांधला आणि घरात न सांगता साहेबाला जाब विचारायला गेलो.

शेडच्या फाटकाबाहेर पुठ्ठ्याच्या खोक्यांचा टेम्पो उभा होता. टेम्पोवाला जुन्नरचा, मुसलमान, दाढी पिकलेली. माझा अवतार बघून म्हणाला, "बाबा, कुनावर चिडून निघालात एवढं?" मी सगळं ओकलो.

"सुनेनं पाठवलं का तुमाला?"

"तिला ठावं न्हाई."

त्यानं पाण्याची बाटली पुढं केली. "माझ्या पोरीचं असंच व्हतं. मी जाऊन भांडलो. तिनं कमावलेलं माझ्या एका बोलन्यात गेलं. जरा बसा, मग जावा." मी कुणाचं ऐकणारा माणूस नाही. त्या दिवशी का बसलो, मला अजून सांगता येत नाही.

बसल्या जागेवरून जाळीतून आतलं दिसत होतं, ऐकूही येत होतं. पांढरा कोट घालून सून टेबलाशी उभी. समोर माल घेऊन आलेला एक मोठा बागायतदार. ती घडाचे मणी वरून, मधून, शेंड्यावरून तोडून रसाची गोडी मोजत होती. शेंड्याकडच्या मण्यांची गोडी भरत नाही, असं सांगून तिनं कागदावर लिहायला घेतलं.

"ताई, तुझीच नोकरी अजून पक्की न्हाई. जरा सांभाळून लिही," तो म्हणाला. साहेब शेजारीच उभा होता.

तिनं आवाज चढवला नाही. "दादा, माझे सासरे हा माल घेऊन आले असते तरी मी हेच लिहिलं असतं. राहिलेला बाग आठ दिवस थांबून तोडा, गोडी भरंल." आणि पुढचा घड उचलला.

मी फेटा काढून मांडीवर ठेवला. आत गेलो असतो, तर त्या माणसाच्या आवाजात माझा एक आवाज वाढला असता, एवढंच. भानावर आलो तेव्हा टेम्पो गेला होता. नंतर जुन्नरच्या बाजारात त्या टेम्पोवाल्याबद्दल दोनदा विचारलं, पण मी त्याचं नावही विचारून ठेवलं नव्हतं.

संध्याकाळी सुनेला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आबा, आत आला न्हाई ते लई बरं केलं. मी उद्या अर्ज देनार हाय. उरलेल्या मुदतीत माझं काय बघनार, ते लिहून मागते." एवढं शहाणपण मला सुचलं नव्हतं.

वैशाखात पक्कं झाल्याचं पत्र आलं. मी म्हणालो, देवापुढं ठेव. ती म्हणाली, "ठेवते, आधी झेरॉक्स काढून आनते."

पण मी कौल लावणं त्याआधीच सोडलं होतं. शेडवरून आल्यावर पहिल्याच रविवारी गुरवानं खांद्याला लावायला फूल मागितलं, ते मी देवाच्या पायावर ठेवलं. सत्तरी उलटेपर्यंत मी देवाला तपासत आलो, माझ्या मनासारखं केलं तर तो खरा. आणि माझी सून नऊ महिने रोज दुसऱ्याच्या नजरेखाली उभी राहून चोख काम करत राहिली. नाथानं मला थांबवलं, म्हणून ते डोळ्यांनी बघायला मिळालं. त्याचे उपकार कसे फेडू?

पेढे पुन्हा वाटले. या वेळी तिनं वाटले. मी डबा धरून मागं चाललो.