सासूबाई भिडू

४ मे. गव्हाला एरंडेल चोळत होते. शेजारी माझी लेक आणि तिच्या सासूबाई, जावई आणि व्याह्यांविरुद्ध कॅरम खेळत होत्या.

"अहो भिडू, राणी घ्या!" लेक ओरडली.

सासूला भिडू! हा शब्द भिडण्यावरून आला असावा. आमच्या लहानपणी भिडू म्हणजे आपल्या बाजूने खेळणारा. पुढे नाक्यावरचा कुणीही दोस्त भिडू झाला. मला जुनाच अर्थ टोचला.

"मला कधी भिडू म्हणाली नाहीस तू?"

"आई, तू कायम पंच असतेस!"

मी गहू जरा जोरातच चोळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीच कॅरम मांडला, पावडर भुरभुरली आणि लेकीसमोरच्या, भिडूच्या जागेवर बसले. विहीणबाईंना म्हटलं, "आज चहा तुम्ही टाका."