मागून आलेला दगड

कुडाळजवळ आमच्या परसात विहीर खणताना वीसेक हातांवर, रेघारेघांच्या जुन्या करड्या दगडात एक काळी उभी पट्टी निघाली. हातभर रुंद, थेट खाली गेलेली. विहिरी खणण्यात हयात गेलेले भिकूकाका काम थांबवून तिच्याकडे बघत राहिले.

"हो काळो मागसून इलो," ते म्हणाले.

खरंच होतं ते. करडा दगड कधीकाळी जमिनीच्या पोटात दाबला गेला, भाजला, वळला आणि मग निवांत पडला. सोसायचं ते सोसून झालं, असंच त्याला वाटलं असेल. पण कुठेतरी एक बारीक भेग राहून गेली होती. खालचा तापलेला रस तिच्यात शिरला, तिला रुंदावत वर चढला आणि तिथेच थिजला. वरच्या गवताला काही कळलंही नसेल.

शिडीवरून उतरून मी पट्टीवर तळहात ठेवला. गार होती. तरी मी हात झटकन काढून घेतला. आपलं सोसून झालं, असं मलाही हल्ली वाटायला लागलं होतं.

काकांनी करडा दगड ठोकला. तो खणखणला. मग पट्टीच्या कडेला ठोकून त्यांनी कान लावला. आवाज बद्द आला, मागे दगड सुटलेला असल्यासारखा.

"तू आदी वर जा, बाय," ते हळूच म्हणाले.

माझ्यामागून तेही आले. पाणी प्यायला वर येतानाही हातोडा खांद्यावर घेऊन येणारा माणूस, पण आज त्यांचे दोन्ही हात मोकळे होते.