झेंडूवरचे लाल डाग

"कुनाचं रगात हाय ह्ये? बोल की गं, कुनाला लागलंय?"

माझी आत्या शेळगावातल्या तिच्या ओसरीवर उभी राहून ओरडत होती. तिचा आवाज असा की एकदा सुटला की उजनीच्या पाण्यावर तरंग उठतात, असं आमच्याकडे सगळे शपथेवर सांगतात. तिच्या हातात मी केलेलं ग्रीटिंग कार्ड होतं, आणि त्या कार्डावरच्या माझ्या पिवळ्याधमक झेंडूंवर लाल डाग पडले होते. एक नाही, चांगले पाच.

मी माझे हात उलटेपालटे करून पाहिले. कुठं कापलेलं नव्हतं. आत्यानं तिचेही पाहिले. मग दोघी कार्डाकडं बघत बसलो.

आता हे कार्ड साधं नव्हतं. आत्या आणि तिचा थोरला भाऊ, म्हणजे माझे वडील तात्या, दोन वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. आत्याच्या मुलाच्या लग्नात माईकवर पाहुण्यांचे सत्कार सुरू झाले. आमच्या भागात सत्कार सुरू झाले की अक्षता पडेपर्यंत नवरदेवाची दाढी वाढते. ह्यांना फेटा, त्यांना फेटा, कुणाच्या तरी ड्रायव्हरला फेटा, आणि नवरदेवाच्या सख्ख्या मामाची पाळी आली तेव्हा फेटे संपले. तात्यांच्या हातात टॉवेल-टोपी आली. तात्या मांडवातून न जेवता उठले आणि थेट घरी, कोऱ्हाळ्याला आले. आत्याला फेट्याचं काहीच वाटलं नाही. सख्खा भाऊ पोराच्या लग्नातून उपाशी गेला, हे तिला लागलं. त्यानंतर दोन भाऊबीजा कोरड्या गेल्या.

येत्या रविवारी आत्याची एकसष्टी होती. कुठं जायचं नसलं की तात्या 'उसाला पाण्याची पाळी हाय' म्हणून मोकळे होतात. तात्या आले नाहीत तर पुढं कधीच येणार नाहीत, हे आईलाही माहीत होतं आणि मलाही. म्हणून मी तात्यांच्या नावानं आत्याला कार्ड द्यायचा घाट घातला.

कार्डं करण्याचा नाद मला बारामतीत लागला. सोसायट्यांचे आणि दवाखान्यांचे गोल शिक्के करून देणारा एक दुकानदार आहे, त्याच्याकडून मी झेंडूचा शिक्का करून घेतला. तो तीनदा विचारून बसला की खाली 'सचिव' लिहायचं का 'चेअरमन'. पानाचा शिक्का मी स्वतः खोडरबरावर कोरला. सुरुवातीला ऑफिसातल्या जांभळ्या शाईनं ठसे मारले आणि वरून पाण्याचे रंग दिले, तर सगळा झेंडू वांग्यासारखा झाला. मग न पसरणारी काळी शाई मागवली. रंगीत पेन्सिलीनं भरून त्यावर कापसानं बेबी ऑईल फिरवलं की रंग असा एकजीव होतो की पाकळीला हात लावावासा वाटतो. उठावाची पावडर टाकून कागद उलट्या इस्त्रीवर धरला की अक्षरं फुगून वर येतात. माझ्या इस्त्रीवर आता कपडे कमी आणि शुभेच्छाच जास्त होतात.

आत्याचं कार्ड मात्र मी माहेरी, कोऱ्हाळ्यात केलं. झेंडूचं तोरण, एकसष्ट फुलं, एक कमी नाही. चाळिसाव्या फुलाला पिवळा मार्कर वाळला. कोऱ्हाळ्यात मार्कर कुठं मिळणार? मग करोनात आणलेल्या सॅनिटायझरच्या पाच लिटरच्या कॅनमधला, आमच्या नातवंडांनाही पुरेल असा, थोडा वाटीत घेतला, त्यात आईच्या डब्यातली हळद कालवली आणि ब्रशनं लावली. असा पिवळा उतरला की मी आधीची चाळीसही त्यानंच रंगवून काढली.

आत 'तुझा दादा' असं मीच लिहिलं आणि तात्यांना म्हटलं, फक्त सही करा. तात्या पेपरातून वर न बघता म्हणाले, "मी त्याला हात बी लावनार न्हाय."

मी कार्ड टेबलावर वाळत ठेवून आईबरोबर मेथी निवडायला परसात गेले. परत आले तर ते पाकिटात घालून ठेवलेलं. आईनं घातलं असेल म्हणून मी पाकीट पिशवीत टाकलं आणि एसटी धरली. शेळगावात आत्याला सांगितलं, "तात्यांनी मुद्दाम करून घेतलंय." खोटं बोलायचं तर तोंडभरून बोलावं.

आणि आता हे डाग.

माझं डोकं चालेना. पेन्सिल लाल नव्हती, मार्कर लाल नव्हता. शाई फुटली म्हणावं तर ती काळी. एसटीत शेजारच्या बाईंच्या मांडीवर डाळिंबांची पिशवी होती. पण बंद पाकिटात डाळिंब शिरून फक्त फुलांवरच कसं फुटेल? मी आत्याला सांगितलं की उन्हानं कधीकधी रंग बदलतो, परदेशातसुद्धा बदलतो. ती म्हणाली, परदेशातलं ऱ्हाऊ दे, हितलं सांग. मी कागदाला दोष दिला, मग सॅनिटायझरला, शेवटी शिक्केवाल्याला. काहीच जुळेना. आईला फोन लावला. ती म्हणाली, पाकिटात मी कशाला घालू, मी तुझ्याबरोबरच मेथी निवडत नव्हते का? आता तर ते पाकिटात कुणी घातलं, त्याचाही पत्ता लागेना.

आत्या मात्र डागांकडं निरखून बघत होती. तिनं कार्ड नाकाशी नेलं.

"हळद हाय व्हय गं ही?"

मी हो म्हटलं.

तिनं कार्ड उजेडात तिरपं धरलं, आणि डागावर स्वतःचा अंगठा ठेवून पाहिला. डाग तिच्या अंगठ्यापेक्षा रुंद होता, आणि त्याच्या मधोमध एक आडवी रेघ पिवळीच सुटली होती. तात्यांच्या उजव्या अंगठ्यावर कोयत्याचा जुना घाव आहे. लहानपणी ऊस तोडताना झालेला, आणि तेव्हा चिंधी आत्यानंच बांधली होती.

"दादा तंबाखू मळतो न्हवं अजून?"

"दिवसभर," मी म्हटलं.

"चुन्याचा हात लागलाय. हळदीला चुना लागला की कुंकवाचा रंग येतो, एवढं बी ठावं न्हाय आन् कार्डं करती." मग तिनं एकेका डागावर बोट ठेवलं. "उचललंय, ठिवलंय. परत उचललंय. पाच डाव बघितलंय त्यानं."

मी म्हटलं, पण तात्या तर म्हणाले की हात लावणार नाही. मग लावला कशाला, आणि लावला तर सही का नाही केली? मला खरंच काही कळत नव्हतं, आणि अजूनही नीटसं कळलेलं नाही.  आत्यानं कार्ड देव्हाऱ्याशेजारी टेकवून ठेवलं, पदरानं तोंड पुसलं आणि मला फोन लावायला सांगितलं. स्वतः काही फोन घेईना.

मी तात्यांना म्हटलं, आत्या म्हणतेय, रविवारी या, आणि ह्या वेळी जेवल्याशिवाय जायचं नाही.

पलीकडं ट्रॅक्टरचा आवाज येत होता. आत्या माझ्या खांद्याला खांदा लावून फोनला कान देऊन उभी होती.

मग तात्या म्हणाले, "रविवारी आपली पाण्याची पाळी न्हाय."